लग्नासाठी चाळीस चांदण्या

माझ्या नणंदेला कमी ऐकू येतं, हे माझं लग्न होईपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही कुणाला वाटली नसेल; लग्न मी तिच्या भावाशी करत होते. मला ते कळलं लग्नानंतर दहा-बारा दिवसांनी, विहिरीवरून येताना. ती हंडा घेऊन पुढे चालली होती आणि पायवाटेवर फुरसं जातीचा साप पडलेला मला दिसला. मी मागून ओरडले. पुन्हा ओरडले. ती तशीच चालत राहिली. धावत जाऊन मी तिचा दंड मागे ओढला, तेव्हा हंड्यातलं पाणी दोघींच्या अंगावर आलं आणि ती चिडून माझ्याकडे वळली. मग माझं बोट जिकडे होतं तिकडे तिने पाहिलं आणि खाली बसली.

घरी आल्यावर सासूबाईंनी मला चुलीपाशी बसवून सांगितलं. ती अकरा वर्षांची असताना विषमज्वर झाला होता, तीन आठवडे ताप उतरला नव्हता. उतरला तेव्हा उजवा कान पुरता गेला होता आणि डाव्यात थोडंसं उरलं होतं, जवळ जाऊन बोललं तर कळण्याइतकं. बाकी सगळं ती समोरच्याच्या तोंडाकडे बघून ओळखायची. बोलणं शाबूत होतं, फक्त आवाज जरा चढा लागायचा. नवख्या माणसाला ती गर्विष्ठ वाटायची, नाहीतर लाजाळू. हे बाहेर कुठे बोलायचं नाही, असं सासूबाईंनी बजावलं. गावाला सगळं ठाऊक होतं. बाहेर म्हणजे जिथून सोयरीक येऊ शकते तिथे.

आमचं गाव खालापूरपासून पायी अर्ध्या तासावर. सासऱ्यांची भातशेती होती आणि माझा नवरा सायकलने खोपोलीच्या कारखान्यात पाळीला जायचा. माझं माहेर कर्जतचं. अध्यापिका विद्यालयात माझं एक वर्ष झालं होतं. दुसरं वर्ष पुरं करू देऊ, असं बोलणी चालली होती तेव्हा सासरच्यांनी कबूल केलं होतं, पण लग्नानंतर तो विषय कुणी काढला नाही. मीही काढला नाही. माझ्या ट्रंकेत तळाशी हस्तकलेची वही मात्र होती.

त्या वहीच्या एका पानावर अष्टकोनी कागदाची चांदणी चिकटवलेली होती. आमच्या हस्तकलेच्या बाई तसली चांदणी मागे सेफ्टी पिन लावून साडीच्या खांद्यावर घालून यायच्या. लांबून बघणाऱ्याला ती मिन्याच्या कामाची वाटायची. भादव्यातल्या एका दुपारी वन्संनी ती वही चाळताना ही चांदणी पाहिली. ती माझ्याहून तीन वर्षांनी लहान, पण घराच्या रीतीप्रमाणे मी तिला वन्सं म्हणायचे आणि अहोजाहो करायचे. तिने विचारलं, उघडून बघू का? मी हो म्हटलं. तिने चांदणी अलगद सोडवली, एकेक घडी उलगडून कागद सपाट केला आणि त्यावरच्या रेषांकडे बराच वेळ बघत राहिली. मग पुन्हा घालायला घेतली. शेवटच्या घडीपाशी अडली.

तिथे सगळेच अडतात. आधी कागदाच्या चौकोनाचे चार कोपरे बेताने कापून अष्टकोन करायचा. त्याची प्रत्येक बाजू मध्यापर्यंत दुमडून घडी पाडायची आणि परत उघडायची. मग त्या आठ घड्या एकाच दिशेने, एकीवर एक निजवत जायचं. आठवी पहिलीच्या वर येते, तिथे ती वर ठेवून चालत नाही. पहिली जराशी उचलून आठवी तिच्या खाली सरकवावी लागते. मी एकदा करून दाखवलं. तिने दुसऱ्यांदा दाखवू दिलं नाही.

महिन्याभरात ती माझ्या पुढे गेली. कर्जतहून मी चकचकीत घोटीव कागद आणले होते, ते संपल्यावर जुन्या कॅलेंडरांची पानं आली. सहाकोनी, आठकोनी, एकात एक बसवलेल्या दोन चांदण्या, मध्ये टिकली किंवा मणी, मागे कागदाच्या पट्टीने खळ लावून बसवलेली पिन. पाचकोन मला कधीच नीट जमला नव्हता. कोनमापक घेऊन बहात्तर अंश मोजत बसायचे, तरी एक बाजू तोकडी पडायची. तिने एक दिवस कागदाची रुंद पट्टी घेतली, सुतळीला मारतो तशी सैल गाठ मारली आणि हळूहळू ओढत ती चपटी केली. गाठीचा बरोबर पाचकोन झाला. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी थक्क होऊन बघत राहिले, आणि ती हसून माझ्या कोनमापकाकडे बघत होती.

घड्या घालताना ती माझ्या तोंडाकडे बघू शकायची नाही, म्हणून आम्ही बोलायचो नाही. आजही मला वाटतं की आमची मैत्री त्या न बोलण्यात झाली. आणि तेच वाईट झालं. तिच्या मनातलं मला सगळं कळतं, असं मी धरून चालले.

दुसऱ्या वर्षी मार्गशीर्षात शेलूचं स्थळ आलं. मुलगा कल्याणला छापखान्यात कामाला होता, रोज जाऊन येऊन. वडील नव्हते, घरची भातशेती आई बघायची. चांगलं स्थळ होतं. सासूबाईंनी ठरवलं की कानाचं काही बोलायचं नाही. एकदा लग्न झालं की माणसं सांभाळून घेतात, असं त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या की तू घेतलंसच की.

बघायला यायच्या दिवशी मला वन्संच्या डाव्या बाजूला बसवलं. विचारतील ते प्रश्न ठरलेले असतात, तेव्हा उत्तरं घोकून घेतली होती. आलेल्या बायकांच्या खांद्यावर वन्संनी स्वतः एकेक चांदणी लावायची, ही युक्तीही सासूबाईंचीच. युक्ती चांगली लागू पडली. मुलाच्या आईच्या लुगड्यावर वन्संनी लाल आणि पांढऱ्या कागदाची आठकोनी चांदणी लावली, तेव्हा त्या बाईने ती हाताने चाचपून पाहिली आणि कागदाची आहे हे तिला खरं वाटेना. मग सगळा वेळ चांदण्यांवरच बोलणं झालं.

निघताना मात्र कठीण प्रसंग आला. वन्सं वाकून बशा गोळा करत होती आणि मुलाची आई तिच्या पाठीमागून म्हणाली, शिवण येतं का गं पोरी? वन्सं बशा गोळा करत राहिली. सासूबाईंचा चेहरा उतरला.

"लाजते ती," मी म्हणाले. "शिवण येतं. माझं पोलकं तिनंच शिवलंय."

हे मला कुणी पढवलेलं नव्हतं. ते माझ्याच तोंडून आलं आणि फार सहज आलं.

पुढच्या रविवारी मुलगा एका मित्राला घेऊन आला. वन्सं ओटीवर कागद कापत बसली होती. सासरे मित्राला खळ्यावर घेऊन गेले, मला सासूबाईंनी चहा करायला आत बोलावलं. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा मुलगा जोत्यावर, तिच्यासमोर बसला होता आणि त्याच्या हातात अर्धवट चांदणी होती. शेवटची घडी त्याला जमत नव्हती. तो लाजून उठला. मला त्यात बोलण्यासारखं काही दिसलं नाही.

लग्न वैशाखात ठरलं. शेलूहून निरोप आला की वराकडच्या बायकांसाठी चाळीस चांदण्या करून द्या, आमच्याकडे सगळ्या विचारतायत. सासूबाई हरखून गेल्या. दुपारची कामं आटोपली की आम्ही दोघी बसायचो. वन्सं त्या दिवसांत खूश होती, घड्या घालताना मधेच चढ्या आवाजात काहीतरी गुणगुणायची. मला मात्र झोप लागेना. मी तिच्याशेजारी बसून जे खोटं बोलले होते ते डोक्यातून जात नव्हतं. लग्नानंतर आठवड्याभरात त्यांना कळणार, मग तिचं काय होणार, हा विचार सारखा यायचा. नवऱ्याशी बोलून पाहिलं. तो म्हणाला, आईबापांना कळत नसेल आणि तुला कळतंय, असं आहे का? मी तो विषय सोडून दिला. वन्संना विचारावं असं एकदाही माझ्या मनात आलं नाही. खरंच आलं नाही.

फाल्गुनात मी चार दिवस माहेरी गेले. तयार झालेल्या सव्वीस चांदण्या सासूबाईंनी बिस्किटांच्या डब्यात घालून दिल्या, कर्जतहून शेलू जवळ आहे, जाऊन देऊन ये म्हणाल्या. कर्जतहून शेलू तिसरं स्टेशन. सकाळच्या गाडीने मी गेले. घर स्टेशनच्या मागच्या आळीत होतं. मुलाची आई शेतावर निघायच्या बेतात होती. मला बघून थांबली, बस म्हणाली, पाणी दिलं.

आतून कुणीतरी हाक मारली. मग पुन्हा, मग सारखीच. ती उठून आत गेली आणि मला पण बोलावलं. खाटेवर एक म्हातारी बसली होती, मुलाची आजी. डोळे उघडे, पण त्यांना काहीच दिसत नव्हतं. आमच्या घरी बोलणी झाली तेव्हा या आजीबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनीही आपली अडचण झाकली होती. मुलाची आई सांगू लागली. तिला शेतावर जावंच लागतं, मुलगा कल्याणला, म्हातारी दिवसभर एकटी. मागच्या पावसाळ्यात ती चाचपडत चुलीशी गेली, पदर पेटला. ओरडली म्हणून शेजारीण धावली. तिने म्हातारीचा हात उलटा करून मला दाखवला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी आक्रसलेली होती.

"आता सून घरात आली का माजा घोर मिटला," ती म्हणाली. "हाक मारली का धावनारं कुनीतरी घरात पायजे."

मी डबा मांडीवर घेऊन बसले होते. उठून निघून गेले असते तरी चाललं असतं.

"तिला हाक ऐकू येणार नाही," मी म्हणाले.

तिला आधी कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं. ताप, कान, डाव्या बाजूला मला का बसवलं ते, आणि शिवणाबद्दल मी मधेच का बोलले तेही. ती रागावली नाही. म्हातारीच्या अंगावरची चादर नीट केली आणि म्हणाली, "ह्ये तुला सांगाया कुनी धाडलं, बाय? घरच्यांनी का त्या पोरीनं?"

"कुणीच नाही. माझी मी सांगतेय."

"पोरीला म्हाईत हाय, तू सांगतीस ते?"

"नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं मला अजून आठवतं, कारण त्यात आभार नव्हते. मी सांगितलं ते बरं केलं, असंही ती म्हणाली नाही. चहा केला, मला प्यायला लावला, आणि निघताना डबा माझ्या हातात परत दिला. एवढ्यात ठेवत नाय, म्हणाली, पोराशी बोलते.

मी त्याच दिवशी सासरी परतले आणि दिवेलागणीच्या आधी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. सासूबाई उंबऱ्यावर बसल्या त्या बसूनच राहिल्या. नवरा सायकल पुसत होता, त्याने फडकं टाकलं आणि बाहेर निघून गेला. सासरे फार कमी बोलायचे. ते म्हणाले, "तुजी सख्खी भन असती तरी सांगितलं असतंस का?" मी हो म्हणाले. ते खरं होतं की नाही, मला माहीत नाही.

वन्संना तिच्या आईने सांगितलं. मी तेव्हा तिथे थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात भांडी घासत होते. ती आली आणि माझ्यासमोर उकिडवी बसली, म्हणजे माझं तोंड तिला दिसावं म्हणून. पण मला काही बोलायला सांगितलं नाही. स्वतःच बोलली.

"वैनी, मी त्याला सांगितलं व्हतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तिने पुन्हा सांगितलं. त्या रविवारी, मी चहा करत होते तेव्हा. तो ओटीवर आला आणि ती म्हणाली, मला ऐकाया येत नाय, माज्याशी बोलायचं तर तोंड समोर ठेवा. तो म्हणाला की ते त्याला आधीच कळलंय. पहिल्या दिवशी बशा उचलताना ती वळली नाही हे आईने त्याला नवल म्हणून सांगितलं होतं, तेव्हाच त्याला शंका आली. मग त्याने त्याच्या आंधळ्या आजीचं सांगितलं. दिवसभर हाका मारते, कसं करायचं? वन्सं म्हणाली, दोरी बांधू. एक टोक तिच्या खाटेला, दुसरं माझ्या मनगटाला. तिनं ओढली की मला कळंल. आणि शेतावर जाताना तिला पण घेऊन जाईन.

त्याला हे पटलं होतं. आईशी एकदम बोललो तर ती बिथरेल, हळूहळू सांगतो, लग्नाच्या आधी नक्की सांगतो, असा शब्द त्याने दिला होता. त्यानंतर त्याने तिच्या हातातली चांदणी मागून घेतली.

"तू इचारलं नाय मला," ती म्हणाली. "तुला तरी मी सांगितलं असतं."

मी काहीतरी बोलले असेन. ती ते बघायला थांबली नाही, उठून गेली.

आठवड्याने शेलूहून माणूस आला. लग्न मोडलं होतं. मुलाच्या आईचा निरोप असा होता की पोरीत खोट नाही, पण पोरीच्या घराने फसवलं, आणि फसवणाऱ्या घरची मुलगी नको. मुलाबद्दल निरोपात काही नव्हतं. तो आईशी भांडला की नाही, हे आम्हाला कधी कळलं नाही. तो पुन्हा आला नाही. वर्षाच्या आत त्याचं दुसरीकडे झालं, असं कानावर आलं.

पुष्कळदा मी मनाशी म्हटलंय की तो आईला सांगणारच नव्हता. गप्प राहून वेळ मारून नेणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. मी स्वतः तशीच होते. पण हे मला सोयीचं आहे म्हणून मी म्हणते, हेही मला कळतं. त्या दोघांनी दहा मिनिटांत जी वाट काढली होती ती मला त्या सगळ्या महिन्यांत सुचली नव्हती. मला एक बहिरी मुलगी आणि एक आंधळी म्हातारी दिसत होती, बस्स.

मी माहेरी असताना वन्संनी केलेल्या धरून पस्तीस-छत्तीस चांदण्या घरात होत्या. सासूबाई त्या जाळून टाकणार होत्या, पण वन्संनी डबा उचलला आणि गावच्या शाळेतल्या बाईंना नेऊन दिला. बाईंनी त्या मुलींना वाटल्या. महिनाभर गावातल्या पोरी फ्रॉकवर लाल-पांढऱ्या चांदण्या लावून हिंडत होत्या. सासूबाई ओटीवर बसायच्या बंद झाल्या. वन्सं मात्र त्या पोरींना थांबवून कुणाची पिन वाकडी झाली असेल तर सरळ करून द्यायची. मी आतून बघायचे. माझ्याबरोबर कागद घेऊन ती पुन्हा बसली नाही. भांडली नाही, टाकून बोलली नाही. कामापुरतं बोलायची आणि माझं उत्तर संपायच्या आत मान वळवायची.

जूनमध्ये सासऱ्यांनी मला बोलावून सांगितलं की माहेरी राहून तुझं राहिलेलं वर्ष पुरं कर. घरात कुणालाच माझं तोंड बघवत नव्हतं, म्हणून ती परवानगी. माझं शिक्षण पुरं झालं ते असं. पुढे मी अठ्ठावीस वर्षं शिक्षिका होते. लोक त्याबद्दल माझं कौतुक करतात तेव्हा मी विषय बदलते.

वन्संचं लग्न फार उशिरा झालं, खोपोलीजवळच्या शिळफाट्याच्या एका बिजवराशी. त्याला पहिल्या बायकोची सात वर्षांची मुलगी होती. तो बघायला आला तेव्हा तिने आम्हा कुणालाच बोलू दिलं नाही. पोहे यायच्या आधीच त्याच्याकडे बघून म्हणाली, "मला कमी ऐकाया येतं. चालत आसंल तर बसा." तो बसला. शांत माणूस होता, पण तब्येतीने नाजूक. पुढे त्याचं काम सुटलं, आणि वन्संना शिवणावर घर चालवावं लागलं. ती खोपोलीतल्या बायकांची पोलकी शिवायची. दिवाळीत कागदाच्या चांदण्या करून दुकानात ठेवायची, त्याही खपायच्या.

मी तिच्याकडे जायला घाबरायचे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एकदा गेले, मुलगी आजारी असल्याचं कळलं म्हणून. मुलगी बरी झाली होती, अंथरुणावर बसून कागदाच्या पट्टीला गाठ मारून चपटी करत होती. वन्संनी मला जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी होती आणि सुकटीची चटणी. तिने तिच्या नवऱ्याच्या औषधांबद्दल सांगितलं, मशीन जुनं झालंय ते सांगितलं. मी बराच वेळ धीर गोळा करत होते. मग तिच्या समोर सरकले, तिला नीट दिसावं म्हणून सावकाश बोलले.

"वन्सं, त्या वेळी मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

तिने ओळखलं. मान वळवली नाही.

"हां," ती म्हणाली. "इचाराया पायजे व्हतं."

एवढंच. जाऊ दे म्हणाली नाही, आणि मीही तशी अपेक्षा धरायला नको होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, आणखी भाकरी टाकू का? मी अर्धी पुरे म्हणाले. तिने अख्खी वाढली, आणि मी ती संपवेपर्यंत समोर बसून राहिली.